आधी किल्ला, मग जयविलास : ग्वाल्हेरच्या सहलीची आखणी

येत्या फेब्रुवारीत घरातल्या मंडळींना घेऊन ग्वाल्हेरला जायचे ठरले आहे आणि ते शहर मी पूर्वी पाहिलेले असल्यामुळे आखणीचे काम ओघानेच माझ्याकडे आले आहे. प्रवासी कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिका चाळल्या, तर बहुतेकांनी ग्वाल्हेरला एकच दिवस दिलेला दिसतो. सकाळी जयविलास महालाचे संग्रहालय, जेवणानंतर किल्ला, अंधार पडल्यावर ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम आणि लगेच आग्र्याचा किंवा झाशीचा रस्ता. मला हा क्रमच मान्य नाही. आधी किल्ला आणि मग महाल, तोही दुसऱ्या दिवशी, असे मी ठरवले आहे. त्याचे कारण थोडे पायांच्या श्रमांशी आणि बरेचसे इतिहासाशी निगडित आहे.

जयविलास महाल १८७४ मध्ये उभा राहिला, तेव्हा शहरावर सावली धरून असलेला तो प्रचंड किल्ला, महाल बांधणाऱ्या ग्वाल्हेरच्या महाराजांच्या, जयाजीराव शिंद्यांच्या, ताब्यात नव्हता. १८५८ च्या जूनमध्ये तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि राणी लक्ष्मीबाई यांनी ग्वाल्हेर घेतले, शिंद्यांची बरीचशी फौज त्यांना जाऊन मिळाली आणि जयाजीरावांना आग्र्याला निघून जावे लागले. त्याच महिन्यात सर ह्यू रोझने शहर आणि किल्ला परत जिंकला, जयाजीरावांना गादीवर बसवले, परंतु किल्ला मात्र इंग्रजांनी आपल्याकडेच ठेवला. १८८६ मध्ये झाशी शहराच्या बदल्यात तो शिंद्यांना परत मिळाला आणि त्याच वर्षी जयाजीराव वारले. म्हणजे महालातली झुंबरे, इटालियन धर्तीचे खांब आणि सोनेरी मुलाम्याची छते ही सगळी हौस, वर डोंगरावर परक्यांची शिबंदी बसलेली असताना केलेली आहे. ही गोष्ट आधी किल्ल्यावर उभे राहून समजून घेतली, तर खालचा महाल निव्वळ श्रीमंतीचे प्रदर्शन वाटत नाही. उलट क्रमाने पाहिले, तर महालाने दिपलेल्या डोळ्यांना किल्ल्यावरचे दगड फिके वाटतात आणि दुपारी तीनच्या सुमारास सगळ्यांना चहाची आठवण होते.

शहराची रचना नकाशावर एकदा पाहून ठेवली, तर पुढची आखणी सोपी होते. ग्वाल्हेर म्हणजे खरे तर तीन वस्त्या आहेत. किल्ल्याच्या ईशान्य पायथ्याशी जुने ग्वाल्हेर, दक्षिणेला लष्कर आणि पूर्वेला मुरार. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये उज्जैनऐवजी येथे मुक्काम केला, त्यांच्या फौजेचा तळ पडला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. महाराज बाडा, शिंद्यांचे जुने वाडे आणि जयविलास हे सारे या लष्कर भागात आहे. मुरार ही इंग्रजांची छावणी होती. किल्ल्याचा डोंगर मात्र या सर्वांपासून अलग, सुमारे ३ किलोमीटर लांब, अरुंद आणि शंभरेक मीटर उंच असा एखाद्या नांगरलेल्या जहाजासारखा उभा आहे. मुक्काम लष्करात किंवा रेल्वे स्थानकाच्या जवळपास केला, की दोन्ही दिवसांची ठिकाणे रिक्षाच्या अंतरावर येतात.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी रेल्वे हाच सरळ मार्ग आहे. मुंबईहून पंजाब मेल आणि पुण्याहून झेलम एक्स्प्रेस भोपाळ, झाशी या मार्गाने ग्वाल्हेरला जातात. डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत त्या पट्ट्यात दाट धुके पडते आणि गाड्यांच्या वेळापत्रकाचा भरवसा राहत नाही. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि किल्ल्यावरचा उघडा दगड अक्षरशः भाजून निघतो. त्यामुळे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा हेच दिवस मला योग्य वाटतात. ज्यांना गाण्याची आवड आहे, त्यांनी डिसेंबरातील तानसेन समारोहाच्या तारखा पाहून धुक्याचा धोका पत्करण्यास हरकत नाही.

किल्ल्यावर जाण्याच्या दोन वाटा आहेत आणि सगळा दिवस त्यांच्या निवडीवर अवलंबून असतो. पश्चिमेच्या उरवाही दरवाजाने मोटार थेट वर जाते. पूर्वेची वाट जुन्या ग्वाल्हेरकडून, आलमगिरी दरवाजातून सुरू होते. ती केवळ पायी चालणाऱ्यांसाठी आहे आणि एकामागून एक दरवाजे ओलांडत हत्ती पोळ या वरच्या दरवाजापर्यंत चढत जाते. चढण उभी असली तरी फरसबंद आहे आणि ठणठणीत माणूस थांबत-थांबत साधारण अर्ध्या तासात वर पोहोचतो. माझा आग्रह पूर्वेच्या वाटेचा आणि तोही सकाळचा आहे, कारण मानमंदिर महालाची दर्शनी बाजू कड्याच्या टोकावर पूर्वेकडे तोंड करून उभी आहे. सकाळचे ऊन तिच्यावर पडलेले असताना खालून वर पाहत जाण्यातच तिची खरी भव्यता कळते. मोटारीने पश्चिमेकडून येणारा पर्यटक महालाच्या पाठीमागे उतरतो आणि पुष्कळदा ती बाजू न पाहताच परततो. माझ्या आत्याला गुडघ्यांचा त्रास असल्यामुळे ती आणि काका मोटारीने उरवाहीकडून वर येतील आणि बाकीचे आम्ही चढून त्यांना हत्ती पोळेशी भेटू. उतरताना मात्र सगळ्यांनीच पश्चिमेकडून उतरायचे आहे, त्याचे कारण पुढे येईल.

पूर्वेच्या वाटेवर अगदी तळाशी गूजरी महाल लागतो. राजा मानसिंह तोमराने (कारकीर्द १४८६ ते १५१६) आपल्या मृगनयनी या गुजर राणीसाठी तो बांधला, अशी परंपरा आहे. आज त्यात राज्य शासनाचे पुरातत्त्व संग्रहालय आहे. त्याची मांडणी ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांनी १९२० च्या सुमारास केली. बाघ लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती, गुप्तकाळापासूनची शिल्पे आणि विशेषतः ग्यारसपूरची शालभंजिका, म्हणजे वृक्षाखाली उभ्या स्त्रीची मूर्ती, येथे आहे. ही शालभंजिका लहान आहे, हात-पाय तुटलेली आहे आणि कुलपाआड ठेवलेली असल्यामुळे ती दाखवण्याची विनंती करावी लागते. संकोच न करता ती करावी. कमरेच्या बाकातील लवचीकपणा आणि चेहऱ्यावरचे अस्फुट हसू पाहिल्यावर तिच्यासाठी एवढी जपणूक का, हा प्रश्न उरत नाही. हे संग्रहालय सोमवारी बंद असते, तर किल्ल्यावर मानमंदिराजवळ असलेले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे छोटे संग्रहालय शुक्रवारी बंद असते. जयविलासची साप्ताहिक सुट्टी याहून स्वतंत्र आहे आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर पाहूनच तिकिटे काढावीत. तीन संस्थांच्या तीन सुट्ट्या चुकवायच्या म्हणजे पंचांग उघडून मुहूर्त काढण्यासारखेच काम आहे, पण ते घरी बसून होते एवढेच समाधान.

याच चढणीवर, बहुतेकांच्या नजरेतून निसटणारे, एकाच खडकात कोरलेले चतुर्भुज विष्णूचे लहानसे मंदिर आहे. त्यातील विक्रम संवत ९३३ च्या, म्हणजे इसवी सन ८७६ च्या शिलालेखात देवाच्या फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीची लांबी २७० हात लिहिली आहे आणि रोजच्या पूजेसाठी ५० माळांची तरतूद केली आहे. या दोन आकड्यांतले शून्य आजच्यासारखेच लहान वर्तुळाने दाखवले आहे आणि स्थानमूल्यासह शून्याचा असा निश्चित तारखेचा दगडी पुरावा भारतात फार जुना मानला जातो. आमच्याबरोबर शाळेत जाणारी दोन मुले आहेत, त्यामुळे येथे दहा मिनिटे जास्तीची राखून ठेवली आहेत. माळ्यांच्या हिशेबात बसलेले हे शून्य मुलांना गणिताच्या पुस्तकातल्या धड्यापेक्षा जवळचे वाटेल, असा माझा अंदाज आहे.

मानमंदिराला मी निदान दोन तास देतो. बाहेरच्या भिंतीवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या झिलईच्या फरशांनी हंसांच्या रांगा, हत्ती, मगरी आणि केळीची झाडे रेखाटलेली आहेत. पाच शतकांच्या उन्हापावसानंतरही तो निळा रंग अनेक ठिकाणी टिकून आहे. आत दोन लहान चौक, नक्षीदार दगडी ब्रॅकेट आणि जाळ्या आहेत. त्या खाली मात्र जमिनीच्या पोटात आणखी दोन मजले आहेत. बाबर १५२८ मध्ये येथे येऊन गेला, तेव्हा त्याने आपल्या आठवणींत या वास्तूंचे कौतुक केले आणि त्याच दमात खालच्या मजल्यावर इतका अंधार असल्याची तक्रार केली, की थोडा वेळ बसल्यावरच काही दिसू लागते. ही तक्रार आजही लागू आहे. म्हणून चांगली विजेरी बरोबर घेणे आवश्यक आहे आणि पायऱ्या अरुंद व झिजलेल्या असल्यामुळे वयस्कर मंडळींनी वरच्या चौकात थांबणे श्रेयस्कर ठरेल.

याच तळघरांचा मोगलांनी तुरुंग केला. राजघराण्यातल्या ज्यांना मारणे गैरसोयीचे आणि मोकळे ठेवणे धोक्याचे, अशांची रवानगी ग्वाल्हेरला होत असे. औरंगजेबाने आपला धाकटा भाऊ मुरादबक्ष याला येथे ठेवले आणि १६६१ मध्ये त्याचा शिरच्छेद करवला. दारा शुकोहचा मुलगा सुलेमान शुकोह पुढच्याच वर्षी येथे मरण पावला. अशा कैद्यांना रोज सकाळी अफूच्या बोंडांचे पाणी पाजून हळूहळू खंगवत असत, असे त्या काळातल्या बर्नियर या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे. त्याआधी जहांगीरने शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांनाही याच किल्ल्यावर अटकेत ठेवले होते. सुटकेच्या वेळी त्यांनी आपल्याबरोबर ५२ राजांना सोडवून नेले, अशी शीख परंपरा आहे आणि किल्ल्यावरचा दाता बंदी छोड गुरुद्वारा त्याच प्रसंगाचा आहे. तेथे डोके झाकण्यासाठी रुमाल लागतो आणि दुपारच्या लंगरमुळे भोजनाची चिंताही मिटते. मानमंदिराच्या अंधारानंतर गुरुद्वाऱ्यात जाणे मला योग्य क्रम वाटतो, म्हणून दोन्ही एकापाठोपाठ ठेवले आहेत.

सासबहूची मंदिरे आणि तेली मंदिर यांविषयी थोडक्यात लिहितो, कारण ती पाहताना आपोआपच वेळ जातो. सासबहूंपैकी मोठे मंदिर विष्णूचे असून त्याच्या १०९३ मधील शिलालेखात कच्छपघात राजा महीपाल याचे नाव आहे. तेली मंदिर त्याहून दोनेक शतकांनी जुने, सुमारे ३० मीटर उंच आणि माथ्यावर गजपृष्ठाकार छप्पर असलेले आहे. उत्तरेकडच्या शिखरांच्या सवयीच्या डोळ्यांना ते दाक्षिणात्य वाटते. इंग्रजांच्या शिबंदीच्या काळात त्यात सोडावॉटरचा कारखाना चालत होता, असे स्थानिक वाटाडे सांगतात. त्या काळाची खूण म्हणून शिपायांच्या बराकी अजून किल्ल्यावर उभ्या आहेत. १८९७ मध्ये सरदारांच्या मुलांसाठी सुरू झालेली आणि आता सिंदिया स्कूल म्हणून ओळखली जाणारी निवासी शाळाही किल्ल्यावरच आहे.

मराठी माणसाने कड्याच्या काठावर उभे राहून आणखी एक रात्र आठवावी. ३ ऑगस्ट १७८० च्या रात्री इंग्रजांच्या कॅप्टन पॉफमच्या तुकडीने पायांत आवाज न करणारी मऊ पादत्राणे घालून, शिड्या आणि दोर लावून हा कडा चढला आणि महादजी शिंद्यांच्या शिबंदीला जाग येण्याआधी किल्ला घेतला. अजिंक्य म्हणून प्रसिद्ध असलेला हा किल्ला गेल्याच्या बातमीने पुण्यापर्यंत काय खळबळ उडाली असेल, याची कल्पना करता येते. इंग्रजांनी तो गोहदच्या राण्याला दिला आणि महादजींनी १७८३ मध्ये परत मिळवला. पुढेही तो इंग्रजांकडे आणि पुन्हा शिंद्यांकडे असा फिरतच राहिला. तटाची उंची पाहून किल्ल्याच्या सामर्थ्याचा जो अंदाज आपण बांधतो, तो या देवघेवीच्या इतिहासाशी ताडून पाहावा, असे मला वाटते.

उतरण्यासाठी पश्चिमेची वाट निवडली, ती उरवाही घळीतल्या जैन मूर्तींसाठी. तोमर राजांच्या काळात, १५ व्या शतकात, कड्याच्या अंगावर तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरल्या गेल्या आणि त्यांतली सर्वांत उंच मूर्ती १७ मीटरच्या आसपास भरते. त्या फोडण्याचा हुकूम आपण दिल्याचे बाबराने स्वतःच नमूद केले आहे. पुष्कळ मूर्तींचे चेहरे त्या वेळी छिन्नविच्छिन्न झाले आणि काहींचे नंतर जैन समाजाने दुरुस्त करून घेतले. मोटारीने खाली येताना चालकाला येथे थांबायला आधीच सांगून ठेवावे लागते, नाहीतर वळणाच्या रस्त्यावर गाडी थांबवण्यास तो नाखूश असतो.

दुसरा दिवस जयविलासचा. हा महाल लेफ्टनंट कर्नल मायकेल फिलोझ याने बांधला आणि त्याच्या तीन मजल्यांना टस्कन, डोरिक आणि कोरिंथियन अशा तीन युरोपीय शैली दिल्या. इंग्लंडचे युवराज, पुढचे सातवे एडवर्ड, १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी तो सज्ज ठेवला होता. शिंदे घराण्याचा निवास आजही महालाच्या एका भागात आहे. विजयाराजे शिंदे यांनी पती जिवाजीराव यांच्या स्मरणार्थ १९६४ मध्ये उरलेल्या भागातील काही दालने संग्रहालय म्हणून खुली केली. हे संग्रहालय खासगी विश्वस्त संस्थेचे असल्याने प्रवेशशुल्क किल्ल्यापेक्षा बरेच जास्त आहे आणि सहा-सात जणांच्या कुटुंबाने ते अंदाजपत्रकात धरून ठेवावे.

दरबार हॉलमधली दोन झुंबरे प्रत्येकी साडेतीन टनांची आहेत, असे सांगितले जाते. ती टांगण्याआधी छताची ताकद पारखण्यासाठी वर हत्ती चढवले होते, ही गोष्ट प्रत्येक वाटाड्या सांगतो, फक्त हत्तींची संख्या कोणी आठ सांगतो, कोणी दहा. भोजनगृहात टेबलावर रूळ टाकलेली चांदीची छोटी आगगाडी आहे. ती मद्य आणि सिगार घेऊन पाहुण्यांसमोरून फिरे आणि कोणी बाटली उचलली, की आपोआप थांबे. मुलांना ही गाडी आवडणार, यात शंका नाही आणि गर्दीही तिच्याभोवतीच होते. मी स्वतः मात्र जास्त वेळ मराठा इतिहासाच्या दालनासाठी ठेवला आहे, जे २०२२ मध्ये नव्याने मांडले गेले. पानिपतावर पायाला जखम होऊन वाचलेले महादजी, दहा वर्षांनी दिल्लीच्या बादशहाला तख्तावर बसवणारे महादजी आणि १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीला देह ठेवणारे महादजी, या एका माणसाभोवती शिंद्यांचा इतिहास फिरतो. जयविलासचे वैभव त्याच्या मृत्यूनंतर ऐंशी वर्षांनी आले. पुण्याच्या मंडळींनी निघण्यापूर्वी वानवडीची शिंदे छत्री पाहून घेतली, तर दोन्हींमधला काळाचा आणि परिस्थितीचा फरक डोळ्यांपुढे राहील.

दुपारनंतर फुलबागेजवळची राणी लक्ष्मीबाईंची समाधी पाहायची आहे. जून १८५८ मध्ये त्या ग्वाल्हेरजवळच लढताना पडल्या. ही जागा जयविलासपासून दूर नाही, हा योगायोग पाहणाऱ्याला विचार करायला लावतो. जयाजीरावांवर फितुरीचा शिक्का मारून मोकळे होणे सोपे आहे. १८४३ च्या महाराजपूर आणि पनिहारच्या लढायांत संस्थानची फौज मोडली गेली, तेव्हा गादीवर नुकतेच आलेले जयाजीराव लहान मूल होते आणि त्यांचे पुढचे सगळे राजकारण इंग्रज रेसिडेंटच्या नजरेखाली गेले. माझ्या मते १८५८ मध्ये इंग्रजांच्या बाजूने राहण्याचा त्यांचा निर्णय समजून घेता येतो, पण समाधीपुढे उभे राहून तो पटत मात्र नाही.

संध्याकाळ हजिरा भागातील सूफी संत मुहम्मद घौस यांच्या कबरीसाठी राखली आहे. तिच्या दगडी जाळ्यांवर तिरपे ऊन पडते, तेव्हा त्या पाहाव्यात. शेजारीच तानसेनाची साधी, उघडी कबर आहे. आत्या लहानपणी गाणे शिकलेली आहे आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, हे तिला पाठ आहे. तेव्हा तेथून तिला लवकर उठवण्याचा प्रयत्न कोणी करू नये, एवढी सूचना मी आधीच सर्वांना दिली आहे.

ओरछा आणि दतिया जवळ आहेत म्हणून तीही उरकून घेऊ, असा प्रस्ताव घरातून आला होता. तो मी नाकारला. त्याऐवजी तिसऱ्या दिवसाची सकाळ मोकळी ठेवली आहे, म्हणजे सुट्टी, धुके किंवा आत्याचे गुडघे यांपैकी कशामुळेही एखादे ठिकाण राहिले, तर ते त्या वेळेत पाहता येईल आणि काहीच राहिले नाही, तर मी पुन्हा एकदा पूर्वेच्या वाटेने चढून जाईन. परतीची गाडी दुपारनंतरची आहे.